बटण दाबण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी चहाच्या रांगेत मला तिघांनी एकच प्रश्न विचारला, "तू नक्की करतेस काय गं? डॉक्टर झालीस का?" मी म्हटलं, नाही. "मग नर्स?" तेही नाही. शेवटी बाकावर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण मदतीला आली. म्हणाली, "अरे, ती फोटो काढते."

बरोबर आहे तिचं. आपल्या पौड खोऱ्यात एक्स-रेला फोटोच म्हणतात. "डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय," असं म्हणत माणूस येतो. सीटी स्कॅन आणि एमआरआय म्हणजे "मशीनमध्ये घातलं". मी १९८४ ला दहावी झाले, बारावीनंतर पुण्यात एक्स-रेचा डिप्लोमा केला आणि १९८९ पासून हे फोटो काढते आहे. २००६ पासून जास्त वेळ जातो तो नव्या मुलामुलींना शिकवण्यात. साधा एक्स-रे येत असलेल्यांना मी सीटी, एमआरआय आणि मॅमोग्राफी शिकवते. त्या शिकवण्याबद्दलच आज बोलणार आहे. ते शिकवणं कुठून सुरू झालं हे सांगायचं, तर आधी माझी चूक सांगावी लागेल.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. पुण्यातल्या एका रुग्णालयात माझी रात्रपाळी होती. एक वयस्कर शेतकरी धाप लागलेल्या अवस्थेत आले. फुप्फुसाभोवती पाणी झाल्याचा संशय होता. छातीचा एक्स-रे एरवी उभ्याने घेतात. रुग्ण कॅसेटला छाती लावून उभा राहतो आणि आपण त्याच्या पाठीमागे असतो. त्याची उजवी बाजू तीच आपली उजवी. फिल्मवर बाजू कळावी म्हणून कॅसेटच्या कोपऱ्यात शिशाचं 'आर' हे अक्षर लावायचं असतं. पण काकांना उभं राहवेना. मी कॅसेट त्यांच्या पाठीमागे ठेवली आणि बसवूनच फोटो घेतला. आता मी त्यांच्या समोर होते, म्हणजे बाजू उलटली होती. माझा हात मात्र सवयीनं नेहमीच्याच कोपऱ्याकडे गेला. उजव्याचं अक्षर डाव्या बाजूला लागलं.

डार्करूममध्ये फिल्म धुतली आणि ओलीच डॉक्टरांकडे नेली. पाणी काढायची सुई तयार होती. सुई टोचण्याआधी डॉक्टरांनी रुग्णाच्या पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं. पाणी असलेल्या बाजूला आवाज बद्द येतो. तो फिल्म सांगत होती त्याच्या विरुद्ध बाजूला आला. त्यांनी पुन्हा ठोकलं, पुन्हा फिल्म पाहिली आणि मला हाक मारली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जा, पुन्हा काढून आण. आणि या वेळी त्यांना विचार, तुमचा उजवा हात कुठला."

त्या रात्री सुई चुकीच्या बाजूला गेली नाही, ती माझ्यामुळे नव्हे. डॉक्टर हुशार होते म्हणून. तेव्हापासून आजपर्यंत, रुग्ण कोणीही असो, मी आधी म्हणते, "काका, उजवा हात वर करा." माझ्या विद्यार्थ्यांचा पहिला धडा हाच असतो. पहिल्या दिवशी ते हसतात. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी स्वतःच बाजू चुकवतं, मग हसणं थांबतं.

हे शास्त्र तसं फार जुनं नाही. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत व्युर्झबर्गला विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण सापडले. १९०१ चं, म्हणजे भौतिकशास्त्राचं पहिलंच नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी शोधाचं पेटंट घेतलं नाही. मी वर्गात त्यांच्यासोबत आणखी एक नाव सांगते, ते म्हणजे क्लॅरेन्स डॅली. हा एडिसनच्या कार्यशाळेतला कामगार, मूळचा काच फुंकणारा. यंत्र नीट चालतंय का, हे तो स्वतःचा हात किरणांसमोर धरून पाहायचा. हात भाजले, मग कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. शास्त्रज्ञांइतकंच, किंबहुना जास्त, यंत्र चालवणाऱ्यांनी या विद्येचं मोल दिलं. जर्मनीत हॅम्बुर्गला १९३६ साली अशा लोकांचं स्मारक उभं राहिलं.

आज आपल्या देशात यासाठी नियम आहेत. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर एक छोटा बॅज लावावा लागतो. कोणाला किती किरणं लागली हे त्या बॅजवरून ठराविक मुदतीनं मोजलं जातं. आमच्यासाठी मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बॅज शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो. तरी दरवर्षी कोणीतरी तो खुंटीवरच्या एप्रनला तसाच टांगून घरी जातं. मग वर्षभर आपण मोजतो काय, तर खुंटीला लागलेली किरणं.

रुग्णाला मात्र अशी मर्यादा घातलेली नाही. त्याला तपासणीची गरज असते म्हणून. त्यामुळे त्याची काळजी आम्हीच घ्यायची. छातीच्या साध्या एक्स-रेत ०.१ मिलिसिव्हर्टहून जास्त किरणं लागत नाहीत. पोटाच्या सीटीला साधारण ८ ते १० लागतात. म्हणजे एक सीटी बिघडवून पुन्हा करणं हे शंभर एक्स-रे फुकट घेण्यासारखं. आणि सीटी बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, माणूस हलल्यामुळे किंवा श्वास सोडल्यामुळे बिघडतो.

आता आजी ताम्हिणीकडच्या, यंत्रातून आवाज येतो तो इंग्रजी, नाहीतर पुस्तकी हिंदी. तो कानावर पडला की आजी दचकून बघतात, आवाज कुठून आला म्हणून. आणि त्याच क्षणी फोटो निघतो. म्हणून आम्ही काय करतो? यंत्रात आवाज भरायची सोय असते, तिथे आमच्यापैकी एकीचा आवाज मराठीत भरतो. "आता दम घ्या. रोखून धरा. सोडा." आणि टेबलावर झोपवल्यावर, बटण दाबण्याआधी, आजींकडून दोनदा सराव करून घेतो. त्याला एक मिनिट लागतं. शिकायला आलेली मुलं पहिल्यांदा म्हणतात, "मॅडम, सॉफ्टवेअर शिकवा ना." मी म्हणते, सॉफ्टवेअर महिन्याभरात येईल. आजींना दम धरायला लावणं कधी येईल ते सांगा.

शिरेतून औषध देऊन केलेला सीटी तर आणखी कठीण. ते आयोडीनचं औषध यंत्राच्या पंपानं जोरात जातं, सेकंदाला तीन-चार मिलिलीटर. अंग एकदम गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून उठतो. पूर्वी कधी असं औषध टोचून त्रास झाला का, दमा आहे का, मूत्रपिंडाचा रिपोर्ट कुठे आहे, मधुमेहाची कुठली गोळी चालू आहे, हे सगळं पंप सुरू करण्याआधी विचारायचं. सुई शिरेत नीट आहे का हे आधी सलाईन सोडून पाहायचं. पंप सुरू झाल्यावर हे कळून उपयोग नसतो.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. हा विषय आपण स्नेहमेळाव्यात बोलत नाही, पण आज मी बोलणार आहे. समोर माझ्या वर्गातल्या मैत्रिणी बसल्या आहेत आणि आम्ही सगळ्या आता त्याच वयाच्या आहोत. यात प्रत्येक बाजूचे दोन फोटो घेतात, एक वरून खाली आणि एक तिरका. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबावा लागतो. दुखतं, खोटं कशाला सांगू? पण दाबल्यामुळे आतल्या गोष्टी एकमेकींवर येत नाहीत, फोटो हलत नाही आणि किरणंही कमी लागतात. तिरक्या फोटोत काखेकडचा भाग आणि छातीचा स्नायू नीट आला पाहिजे. तो सुटला, तर तिथली गाठही सुटू शकते. रिपोर्ट देणारे डॉक्टर कितीही मोठे असोत, जे फोटोत आलंच नाही ते त्यांना कसं दिसणार?

ही कला पुस्तकातून येत नाही. बाईचा खांदा सैल झाला नाही, तर काखेचा भाग पट्टीवर येतच नाही. खांदा सैल करायचा तर तिची भीती जायला हवी. शिकाऊ मुलीला मी आधी सांगते की खोलीचं दार लाव, पडदा ओढ आणि तिला काय होणार ते सांग. मग विचार, "मावशी, काखेत पावडर लावलीय का?" पावडरीचे कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि आजाराचे ठिपकेही तसेच दिसतात. ओल्या कापडानं पुसलेल्या काखेमुळे एका बाईची महिनाभराची झोप वाचते.

नीट शिकवलेली बाई काय करू शकते, याचं उदाहरण मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत, प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या आणि हातात यंत्रही नव्हतं. शिकवलेले हात होते.

आता एमआरआय. आपल्या विज्ञानाच्या सरांनी कागदावर लोखंडाचा कीस टाकून खालून लोहचुंबक फिरवलं होतं, आठवतं? कीस उभा राहिला होता आणि आपण सगळे टेबलाभोवती गर्दी करून उभे होतो. एमआरआय हे तसंच एक चुंबक, पण नेहमीच्या यंत्राचं बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. आणि ते रात्री, सुट्टीत, तपासणी चालू नसतानाही चालूच असतं. लोकांना हेच पटत नाही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात, रुग्णासोबत आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकानं सिलिंडरसकट त्याला ओढलं. तो वाचला नाही.

म्हणून एमआरआयच्या दाराशी आमची प्रश्नांची यादी असते. मंगळसूत्र, जोडवी, ब्लाऊजची पिन, कानातलं यंत्र, हृदयात बसवलेला पेसमेकर, डोक्यातली क्लिप. यादी वाचून दाखवणं सोपं आहे. खरं उत्तर मिळवणं अवघड. "ऑपरेशन झालंय का?" विचारलं तर "नाही" येतं. "अंगावर कुठे टाके आहेत का?" विचारलं की तीन ऑपरेशनं निघतात.

आणि इथे माझी दुसरी चूक. ही नवखेपणाची नव्हती, चांगला वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असतानाची होती.

त्या दिवशी यादी लांब होती, बाहेर लोक खोळंबले होते. एक रुग्ण आपल्याच भागातला, पिरंगुटच्या बाजूला वर्कशॉपमध्ये काम करणारा. कंबरेचा एमआरआय करायचा होता. मी प्रश्न विचारले, सही घेतली आणि म्हटलं, चला, घ्या आत. माझ्याकडे शिकायला असलेली मुलगी दारात उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं राहिलं." मी म्हटलं, "सही झालीय, उशीर होतोय." ती हलली नाही. तिनं त्यांना विचारलं, "दादा, तुम्ही ग्राइंडरवर काम करता का? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?" ते म्हणाले, "ते तर नेहमीचंच. एकदा डॉक्टरांनी काढला होता. सगळा निघाला का ते माहीत नाही."

डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढला. उजव्या डोळ्यात बारीक पांढरा कण स्पष्ट दिसत होता. चुंबकाजवळ तो हलला असता, तर डोळा जाऊ शकला असता. त्यांचा एमआरआय रद्द झाला आणि रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी त्यांना दुसरी तपासणी सुचवली. त्यांना काही विशेष घडलं असं वाटलंही नाही. उलट खेप फुकट गेली म्हणून थोडे नाराजच झाले.

तो प्रश्न यादीत होता. मीच तिला शिकवला होता. आणि घाईत मीच गाळला होता. ती मुलगी माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. तिच्या मार्कशीटवर माझी सही व्हायची होती. तरी ती दारात उभी राहिली.

त्या संध्याकाळी मी तिला पेढे दिले आणि घरी जाऊन बराच वेळ गप्प बसले. तोपर्यंत मला वाटायचं, माझं काम म्हणजे मुलांना यंत्र शिकवणं. त्या दिवशी कळलं की मला थांबवू शकेल असं माणूस तयार करणं हे माझं काम आहे. मग मी वर्गाची पद्धत बदलली. आता प्रत्येक तुकडीत मी मुद्दाम एक प्रश्न गाळते, किंवा अक्षर चुकीच्या बाजूला लावते, आणि कोण बोलतं ते पाहते. जो बोलतो त्याला मार्क. जो "मॅडमना माहीत असेल" म्हणून गप्प राहतो, त्याला पुन्हा पहिल्यापासून. यंत्र उत्तम चालवणारी काही मुलं या परीक्षेत पडतात. आपल्याकडे मोठ्यांना टोकायचं नाही, असंच घरून शिकवलेलं असतं. पण याच शाळेत सर गणित करताना म्हणायचे, "माझं चुकलं तर हात वर करा." आपल्यातल्या किती जणांनी हात वर केला? मी तरी एकदाही नाही. सर, आज इथे कबूल करते, अपूर्णांकांच्या वेळी मला दिसलं होतं.

आता समोर बसलेल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी. हे काम चांगलं आहे. बारावी सायन्स करून याची पदवी घेता येते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल अभ्यासक्रम आहे, इतरही विद्यापीठांचे आहेत. २०२१ मध्ये आमच्यासारख्या व्यवसायांसाठी केंद्राचा स्वतंत्र कायदाही झाला. पण फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची? शिकवणाऱ्यांचं स्वतःचं रुग्णालय आहे का, की कुठेतरी करार आहे? तिथे सीटी आणि एमआरआय खरोखर चालू आहेत का, आणि तुम्हाला हात लावायला मिळेल का? किरणांचा बॅज तुमच्या नावानं मिळेल का? सहा महिन्यांत टेक्नॉलॉजिस्ट करतो म्हणणाऱ्यांच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. तिथून आलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलं हुशार असतात. त्यांना फक्त बटण कुठलं ते सांगितलेलं असतं.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना तीन विनंत्या. जुने फोटो आणि रिपोर्ट फेकू नका. गाठ नवी की दहा वर्षांपूर्वीची, हे जुन्या फिल्मशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. पेटीत ठेवा, पण ठेवा, आणि तपासणीला येताना सोबत आणा. दुसरं, मैत्रिणींनो, गाठ हाताला लागली तर लग्नसराई संपायची वाट पाहू नका. आणि तिसरं, आमच्यासारखं कोणी दाराशी दहा प्रश्न विचारत असेल तर वैतागू नका. "सगळं डॉक्टरांना सांगितलंय" म्हणू नका. त्या मुलाला किंवा मुलीला उत्तर द्या. आणि एखादा प्रश्न विचारायचा राहिला असं वाटलं, तर तुम्हीच सांगा.

मघाशी मैत्रीण म्हणाली ते मला मान्य आहे. मी फोटो काढते. तुमच्यापैकी कोणाला कधी यावं लागू नये. पण आलात, तर ओळख सांगू नका, रांग मोडता येणार नाही. आणि शाळेतली असले तरी आधी म्हणणार आहे, उजवा हात वर कर.